पिवळ्या मारबतीचा रंग आणि कॅमेऱ्यातल्या फाइली

२०११ साली नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी मारबतीची, म्हणजे ईडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित केली. आधी इतवारीतल्या नातेवाइकांच्या गच्चीवरून आणि मग खाली गर्दीत उतरून मी जवळपास दोन तास कॅमेरा चालवला. पिवळी मारबत, काळी मारबत, त्यांच्यामागून येणारे बडगे, ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्या, सगळे त्या कार्डावर होते. घरी येऊन कार्ड संगणकाला लावले, तर फाइलींची नावे ‘एमटीएस’ने संपत होती आणि माझ्या तेव्हाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या अडखळत चालत होत्या. इंटरनेटवर सापडलेल्या एका मोफत कन्व्हर्टरमध्ये मी त्या सगळ्या टाकल्या, एमपीफोरचे बटण दाबले आणि झोपायला गेले. सकाळी नव्या फाइली सुरळीत चालताना पाहिल्या आणि समाधानाने कार्ड फॉरमॅट केले.

नुकसान किती झाले ते कळायला आठवडा लागला. मूळ चित्र १९२० बाय १०८० चे होते, ते १२८० बाय ७२० चे झाले होते. सेकंदाला २५ फ्रेमांचे ३० करताना कन्व्हर्टरने दर पाचवी फ्रेम दोनदा वापरली होती, त्यामुळे ढोलावर पडणारी टिपरी सारखी हिसका दिल्यासारखी दिसत होती. कॅमेरा ५०आय पद्धतीचा, म्हणजे सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपणारा होता. त्या ओळी एकमेकींपासून नीट सोडवण्याआधीच चित्राचा आकार बदलल्यामुळे फणीच्या दातांसारख्या रेषा चित्रात कायमच्या भिनल्या होत्या. पिवळ्या मारबतीचा तो झगझगीत पिवळा रंग कडांवरून बाहेर ओघळला होता, जणू ओल्या कागदावर हळद सांडली असावी. यातले काहीही करू का, असे त्या कन्व्हर्टरने मला विचारले नव्हते आणि तू काय करणार आहेस, असे मीही त्याला विचारले नव्हते.

आता एडिटिंग हाच माझा व्यवसाय आहे. लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने, हौशी नाटके आणि वर्षाकाठी एखादा माहितीपट असे काम मी घरातल्याच एका खोलीत करते. फाइली कशात कन्व्हर्ट कराव्यात, हा प्रश्न मला नव्याने काम शिकणारी मुले आणि कधी कधी चांगले मुरलेले छायाचित्रकारही विचारतात. माझा उलट प्रश्न असा असतो की, कन्व्हर्ट का करायचे आहे? कॅमेऱ्यातून आलेली फाइल ही तुमच्याकडे असलेली सर्वोत्तम प्रत असते आणि कोणत्याही रूपांतराने ती त्याहून चांगली होत नाही. फार तर तितकीच राहते आणि तितकीच ठेवण्यासाठीही काय करतो आहोत ते माहीत असावे लागते. अनेकदा उत्तर असे निघते की, कन्व्हर्ट करण्याची गरजच नव्हती.

यासाठी आधी डबा आणि डब्यातला पदार्थ यांत फरक करावा लागतो. एमटीएस, एमपीफोर, मोव्ह, एमकेव्ही ही डब्यांची नावे आहेत. आत जे चित्र भरलेले असते ते एच.२६४, एच.२६५, प्रोरेस किंवा आणखी कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते डब्यावरून कळत नाही. मोव्ह नावाच्या दोन फाइलींपैकी एकीत फोनमधले एच.२६५ असू शकते आणि दुसरीत मोठ्या कॅमेऱ्याचे प्रोरेस. म्हणून मी नवी फाइल आली की ती आधी मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. तिथे पदार्थ कोणता, रंगाची खोली (प्रत्येक रंगाच्या किती छटा) ८ बिट की १० बिट, रंगाची नमुनापद्धत (किती ठिपक्यांमागे रंगाचा एक नमुना) ४:२:० की ४:२:२, फ्रेमांची गती स्थिर की बदलती, ओळी एकत्र टिपलेल्या की आलटून पालटून, आवाज कोणत्या प्रकारचा आणि किती चॅनेलांचा, हे सगळे एका पानावर दिसते. एवढे पान वाचायला एक मिनिट लागते आणि पुढचे जवळपास सगळे निर्णय त्यावरून होतात.

फाइल अडखळते तेव्हा बहुतेकांना ती बिघडली आहे असे वाटते. एका वधूपित्याने मला फोन करून विचारले होते, “ताई, कॅमेऱ्यातला व्हिडिओ आमच्या कॉम्प्युटरवर काहून अटकून अटकून चालून राह्यला?” फाइल ठणठणीत होती. इतवारीतल्या जुन्या दुकानाची वही ज्यांनी पाहिली असेल त्यांना कारण लवकर समजेल. तिथे पहिल्या ओळीत गिऱ्हाईकाचे पूर्ण नाव, माल आणि भाव लिहिलेला असतो आणि खालच्या ओळींमध्ये नुसते ‘वरीलप्रमाणे’ लिहून जेवढे बदलले तेवढेच मांडलेले असते. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींमध्ये बहुतेक वेळा असेच असते. दर अर्ध्या किंवा एका सेकंदाने एक फ्रेम पूर्ण लिहिलेली असते आणि मधल्या फ्रेमांमध्ये फक्त काय हलले, काय बदलले याची नोंद असते. त्यांतल्या काही फ्रेमा तर मागच्याबरोबर पुढच्या ओळीकडेही बोट दाखवतात. वही वरून खाली वाचत जाण्यात अडचण नसते. मात्र एडिटिंग करताना आपण कुठेही उडी मारतो, मागे जातो, तीन कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी शेजारी शेजारी लावतो आणि प्रत्येक उडीला संगणकाला वर जाऊन पूर्ण नोंद शोधावी लागते, तिथून खाली मोजत यावे लागते. प्रोरेस, डीएनएक्सएचआर यांसारख्या एडिटिंगसाठी बनवलेल्या पद्धतींमध्ये प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली असते. वही त्यामुळे जाड होते, पण कोणतेही पान उघडले तरी तिथेच सगळे सापडते.

त्यातही यंत्राचा वाटा असतो. ८ बिट ४:२:० ची एच.२६४ फाइल आजचा कोणताही बरा संगणक विनातक्रार चालवतो, पण १० बिट ४:२:२ ची एच.२६५ फाइल आली की महागड्या यंत्रांनाही घाम फुटतो, कारण ती उलगडण्याची खास सोय सगळ्या ग्राफिक्स चिपांमध्ये नसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिपांमध्ये ती आहे. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती २०२५ साली आलेल्या ५० मालिकेपासून मिळाली. लिनक्सवर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांना तर एच.२६४ सुद्धा थेट चालवता येत नाही. तेव्हा अडखळण्याचे कारण आपल्या फाइलीत आहे, यंत्रात आहे की सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत आहे, हे आधी पाहून घ्यावे.

सॉफ्टवेअरला पदार्थ पचतो, पण डबा उघडत नाही, अशी स्थिती असेल तर नुसता डबा बदलावा. याला रीरॅप म्हणतात. चित्राला हात न लावता ते जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डब्यात ठेवले जाते, त्यामुळे गुणवत्ता कमी होण्याचा प्रश्नच येत नाही आणि वेळही फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच लागतो. एफएफएमपेग हे मोफत साधन यासाठी सर्वांत भरवशाचे आहे. ते कमांड लिहून चालवावे लागते, त्यामुळे ज्यांना काळ्या खिडकीची धास्ती वाटते त्यांनी त्यावरच बेतलेले शटर एन्कोडर वापरावे. त्यात ‘रीरॅप’ असा पर्याय सरळ निवडता येतो. एक अडचण आवाजाची असते. एव्हीसीएचडी, म्हणजे एमटीएस फाइली बनवणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये आवाज अनेकदा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीत असतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर तो उचलत नाहीत, चित्र दिसते आणि ट्रॅक मुका राहतो. अशा वेळी चित्र तसेच ठेवून फक्त आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या रूपात उलगडून घ्यावा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल असा पीसीएम आवाज तासाला साधारण ६९० एमबी जागा घेतो, म्हणजे आजच्या डिस्कांच्या मानाने नगण्य.

डबा बदलताना काहीच बदलले नाही, यावर मी सुरुवातीला विश्वास ठेवत नव्हते, म्हणून एकदा पडताळून पाहिले. एफएफएमपेगला सांगितले तर ते फाइल उलगडून प्रत्येक फ्रेमचा ३२ अक्षरांचा एक ठसा काढून देते. चित्रातला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. मूळ एमटीएस आणि नव्या मोव्ह फाइलीतील एका मिनिटाचे, म्हणजे १५०० फ्रेमांचे ठसे काढून मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावल्या. पहिली ओळ, मधल्या ओळी आणि शेवटची ओळ अक्षरशः सारख्या होत्या. तेव्हापासून डबा बदलायला मी कचरत नाही. हा ठसा कार्डावरून डिस्कवर कॉपी नीट झाली की नाही हे तपासायलाही वापरता येतो, पण त्यासाठी पूर्ण फाइलीचा एकच ठसा पुरतो.

एव्हीसीएचडीचा विषय निघाला आहे तर त्याचा एक कावा सांगून टाकते, कारण जुने हँडीकॅम विदर्भातल्या गावोगावच्या लग्नांत मी आजही पाहते. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या या पद्धतीत कार्डावर एक पूर्ण फोल्डरांची उतरंड असते आणि सर्वांत आतल्या ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरात एमटीएस फाइली असतात. जुन्या कार्डांच्या फॅट३२ रचनेत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून कॅमेरा एकाच सलग चित्रणाचे तुकडे पाडत जातो. लोक घाईत आतल्या एमटीएस तेवढ्या उचलतात, एकेक वेगळी कन्व्हर्ट करतात, टाइमलाइनवर ओळीने लावतात आणि मग प्रत्येक सांध्यावर आवाजात बारीकसा खटका ऐकू येतो. मंगलाष्टकाच्या मध्ये तो आला तर लपवायलाही जागा नसते. तुकडे एकमेकांशी कसे जोडायचे याची माहिती बाहेरच्या फोल्डरांमध्ये असते. कार्ड जसेच्या तसे, एकही रिकामा दिसणारा फोल्डर न वगळता कॉपी करावे आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून आत घ्यावे, म्हणजे तो सलग क्लिप म्हणून ओळखतो. उतरंड आधीच हरवली असेल तर एकाच चित्रणाचे तुकडे कन्व्हर्ट करण्यापूर्वी क्रमाने एकामागे एक जोडून एक फाइल करावी.

फाइल उघडते पण जड जाते, तेव्हा माझा पहिला उपाय प्रॉक्सी असतो. मूळ फाइलींची हलकी, लहान आकाराची प्रत बनवायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटचा एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून काढायचा. प्रत कितीही हलकी असली तरी ती अंतिम चित्रात जात नाही, म्हणून इथेही गुणवत्तेचा प्रश्न उद्भवत नाही. प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्ह या दोन्हींमध्ये ही सोय आहे आणि रिझॉल्व्हबरोबर प्रॉक्सी बनवण्याचे वेगळे छोटे ॲपही मिळते. बाहेरून प्रॉक्सी बनवणार असाल तर फाइलीचे नाव, फ्रेमांची गती, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) आणि आवाजाच्या चॅनेलांची संख्या मूळ फाइलीशी जुळलीच पाहिजे. चॅनेलांची संख्या चुकली की प्रीमियर ती प्रत जोडून घेत नाही आणि माणूस अर्धा दिवस कारण शोधत बसतो. एक्सपोर्टच्या वेळी प्रॉक्सी वापरण्याची खूण चुकून लागलेली नाही ना, हेही पाहावे. माझ्याकडून एका लग्नाच्या बाबतीत ती राहून गेली होती. नवरदेवाच्या आईने मोठ्या टीव्हीवर पाहून विचारले की, शेरवानीवरची जर कुठे गेली? जर मूळ फाइलीत सुखरूप होती, एक्सपोर्ट पुन्हा काढून दिला.

खरे रूपांतर, म्हणजे चित्र उलगडून नव्या पद्धतीने पुन्हा भरणे, मी तीन-चार प्रसंगीच करते. आपले सॉफ्टवेअर तो पदार्थच वाचत नसेल, फाइल रंगसंस्कारासाठी (कलर ग्रेडिंगसाठी) दुसऱ्याकडे द्यायची असेल, फोनमधून बदलत्या गतीचे चित्रण आलेले असेल किंवा एकाच क्लिपवर अनेक टप्प्यांत काम होऊन ती पुन्हा पुन्हा लिहिली जाणार असेल तेव्हा. त्यासाठी ॲपलची प्रोरेस आणि ॲव्हिडची डीएनएक्सएचआर या दोन पद्धती सर्वत्र चालतात. प्रोरेस २००७ साली आली. बरीच वर्षे विंडोजवर ती लिहिणे अवघड होते. २०१८च्या अखेरीस ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती विंडोजवरही लिहिता येऊ लागली आणि तो वाद मागे पडला. आता दोन्हींपैकी कोणती चांगली यावर रात्र जागवण्यात मला अर्थ दिसत नाही. समोरचा माणूस ज्या पद्धतीत मागतो त्या पद्धतीत द्यावे.

त्या पद्धतींच्या आतली गुणवत्तेची पायरी निवडताना मात्र लक्ष द्यावे लागते. डीएनएक्सएचआरमधील एलबी, एसक्यू आणि एचक्यू या तिन्ही पायऱ्या ८ बिटच्या आहेत. १० बिटचे चित्रण त्यांत टाकले तर प्रत्येक रंगाच्या १०२४ छटांच्या २५६ होतात. फुटाळा तलावावरच्या संध्याकाळच्या आकाशात हे उघड दिसते. कॅमेऱ्याने केशरी ते जांभळा असा सलग उतरता रंग टिपलेला असतो, रंगसंस्कारात थोडा ताण दिला की आकाशात जिन्यासारखे पट्टे पडतात आणि लोक कॅमेऱ्याला नावे ठेवतात. १० बिटच्या, विशेषतः लॉगमध्ये, म्हणजे रंगसंस्कारासाठी मुद्दाम फिकट ठेवून टिपलेल्या चित्रणासाठी एचक्यूएक्स ही पायरी निवडावी. प्रोरेस ४२२ कुटुंबात सगळ्याच पायऱ्या १० बिटच्या असल्याने ही ठेच लागत नाही. नावात ‘एचक्यू’ आहे म्हणून ती पायरी सर्वोत्तम असे समजणारे मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांत एकेकाळी मीही होते.

उलट बाजूची हौसही तितकीच व्यर्थ असते. हँडीकॅमचे ८ बिट ४:२:० चित्रण प्रोरेस ४४४४ मध्ये भरल्याने त्यात नवे रंग येत नाहीत. ४:२:० मध्ये चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून रंगाचा एकच नमुना असतो, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चित्रात रंगाचे चित्र प्रत्यक्षात ९६० बाय ५४० चेच असते. उजेड-अंधाराचे चित्र तेवढे पूर्ण असते. डोळ्याला उजेडातला फरक जास्त आणि रंगातला कमी कळतो, म्हणून हे खपून जाते. पिवळ्या मारबतीसारखा गडद एकरंगी पृष्ठभाग आणि त्याला लागून निळे आकाश असे दृश्य आले की मग कडांवर ही उणीव पहिल्यांदा दिसते आणि वरून कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदामागे कमी माहिती ठेवून पुन्हा दाबले तर ती डोळ्यात भरते. अशा चित्रणासाठी साधे प्रोरेस ४२२ पुरते, असे माझे मत आहे. काटेकोर बोलायचे तर प्रोरेसही चित्र थोडेसे गमावतेच. पूर्णपणे अबाधित ठेवणाऱ्या एफएफव्ही१ सारख्या पद्धती आहेत आणि जतनासाठी त्या योग्य आहेत, पण रोजच्या कापाकापीसाठी त्यांचा भार सोसत नाही.

जागेचा हिशेब आधी करावा, नाहीतर डिस्क मध्यरात्री भरते. २५ फ्रेमांच्या फुल एचडी प्रोरेस ४२२ चा वेग सेकंदाला १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ५५ जीबी. ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० ला तोच ४९२ मेगाबिट, तासाला सुमारे २२१ जीबी. आता तीन कॅमेऱ्यांवर प्रत्येकी पाच तास चाललेले लग्न घ्या. कॅमेऱ्यातल्या १०० मेगाबिटच्या फाइली मिळून पावणेसातशे जीबी भरतात आणि त्या सगळ्यांचे प्रोरेस ४२२ करायचे ठरवले तर ३.३ टीबी लागतात. त्याच चित्रणाच्या फुल एचडी आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सी सुमारे २५५ जीबीत बसतात. मी प्रॉक्सीला झुकते माप देते त्याचे अर्धे कारण हे आहे. उरलेले कारण नागपूरचा मे महिना. पारा ४५ अंशांवर असताना दुपारी रूपांतर लावले की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करते आणि तीन तासांचे काम सहा तास चालते, म्हणून लग्नसराईत ही कामे मी रात्री, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेबाहेर यंत्र ठेवून लावते; कूलरची ओली हवा थेट यंत्रावर सोडणाऱ्यांना माझे हात जोडून नमन आहे.

फोनमधल्या चित्रणाची गोष्ट वेगळी आहे. मीडियाइन्फोमध्ये अशा फाइलीपुढे फ्रेमांची गती ‘व्हेरिएबल’ असे दिसते. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेमांमधले अंतर बदलतो, सेकंदाला ३० म्हणवणारे चित्रण कुठे २९, कुठे २४ असे होते, पण आवाज आपल्या गतीने चालत राहतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर हे चित्रण स्थिर गतीचे समजून वाचतात, त्यामुळे भाषणाच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, विसाव्या मिनिटाला वक्त्याचे तोंड मिटल्यावर शब्द येतो. यावर उपाय म्हणजे एडिटिंगपूर्वी स्थिर गतीत रूपांतर. ते करताना फाइलीची जी सांगितलेली गती आहे तीच ठेवावी; ३० चे २५ करण्याचे काम कन्व्हर्टरवर सोपवू नये, ते टाइमलाइनवर डोळ्यांसमोर करावे. हँडब्रेक हे चांगले साधन आहे आणि त्यात स्थिर गतीचा पर्यायही आहे, पण ते पाहण्यासाठीच्या फाइली बनवण्याकरिता घडवलेले आहे, त्यामुळे मधल्या टप्प्यासाठी मी ते वापरत नाही. शक्य असेल तर फोनवरच २५ ची गती निवडावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने मंगल कार्यालयातल्या दिव्यांची फडफडही २५ फ्रेमा आणि १/५० शटर ठेवल्यावर कमी होते.

पिवळ्या मारबतीने मला रंग शिकवला तसा काळ्या मारबतीने काळा शिकवला. व्हिडिओत ८ बिटच्या ० ते २५५ या आकड्यांपैकी काळा कुठे धरायचा याच्या दोन रिती आहेत. बहुतेक कॅमेरे १६ ला काळा आणि २३५ ला पांढरा मानतात, तर काही फोन आणि कॅमेरे ० ते २५५ पूर्ण वापरतात आणि फाइलीत तशी खूण करून ठेवतात. रूपांतरात ही खूण हरवली किंवा चुकीची वाचली गेली की एकतर काळी मारबत राखाडी, धुरकट होते किंवा तिच्या अंगावरच्या सगळ्या घड्या एका सपाट काळ्यात बुडून जातात. नव्या आयफोनांच्या एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या चित्रणात याहून मोठी गफलत होते. ते साध्या ८ बिट एच.२६४ मध्ये ढकलले, तर एचडीआरचे चित्र साध्या पडद्यासाठी आवळून घेण्याची पायरी अनेकदा गाळली जाते आणि सगळे फिकट, धुतल्यासारखे दिसते. फोनमध्ये एचडीआर बंद ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रूपांतर बरोबर झाले की नाही, हे डोळ्यांनी दोन खिडक्या शेजारी ठेवून ठरवू नये. डोळा फार लवकर समाधान मानतो. टाइमलाइनवर मूळ क्लिप खाली आणि रूपांतरित क्लिप बरोबर तिच्यावर ठेवावी आणि वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करावा. दोन्ही चित्रे सारखी असतील तर पडदा काळा होतो. मग त्यावर एक ॲडजस्टमेंट लेयर टाकून उजेड खूप वाढवावा. बारीक वाळूसारखी वळवळ दिसली तर ती प्रोरेसच्या दाबण्यातून आलेली असते, तिची काळजी नको. माणसांच्या कडांच्या रेषा चमकल्या तर चित्र एका फ्रेमने किंवा एका ठिपक्याने सरकले आहे. काळ्या आणि पांढऱ्या भागांवर राखाडी पदर दिसला तर काळ्या-पांढऱ्याची रीत बदलली आहे. आणि लाल-हिरव्या वस्तूंच्या जागी सपाट रंगीत डाग उमटले तर रंगाचे गणित चुकीच्या कोष्टकाने, एचडीऐवजी जुन्या टीव्हीच्या कोष्टकाने केले गेले आहे. एवढे झाल्यावर शेवटच्या मिनिटात जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का ते ऐकावे आणि दोन्ही फाइलींची लांबी फ्रेमांपर्यंत मोजावी. ही सगळी तपासणी एका क्लिपवर करून मगच उरलेल्या क्लिपा रात्री लावाव्यात.

गेल्या वर्षीची मिरवणूक माझ्या भाच्याने फोनवर टिपली आणि लगेच मेसेजिंग ॲपवरून मला पाठवली. मारबत ओळखू येत होती, पण गर्दीतला एकही चेहरा ओळखू येत नव्हता. अशा ॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेतच पुन्हा दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर बहुधा तशीच पोहोचते. मी त्याला फोन केला, तर म्हणाला, “मावशी, मग आता डॉक्युमेंट म्हणून पाठवू का?” फोनमध्ये मूळ आहे ना, एवढे विचारले आणि केबल घेऊन ये म्हणाले. तो आला, फाइली उतरवल्या, दोन डिस्कांवर प्रती झाल्या, ठसे जुळले, मग त्याला फोनमधून काढायची मुभा दिली.

काम संपल्यावर रूपांतरित फाइली आणि प्रॉक्सी मी पुसून टाकते, त्या केव्हाही पुन्हा बनवता येतात. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली त्यांच्या फोल्डरांसकट, प्रोजेक्टची फाइल आणि अंतिम चित्राची एक प्रोरेस प्रत एवढे ठेवते. डिस्कवर मारबतीचे वर्षवार फोल्डर आहेत. २०११च्या फोल्डरात ७२० ची एकच एमपीफोर आहे आणि तिच्या नावापुढे मी ‘मूळ नाही’ असे लिहून ठेवले आहे.